किल्ल्यावर हॉटेल काढा, पण आधी सांडपाणी कुठं जाणार ते सांगा

दिवाळी उरकली की साताऱ्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "राजस्थान बघा आणि आपले किल्ले बघा." मंडळी जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर, उदयपूर असा सगळा दौरा करून परत आलेली असतात, फॅमिली ग्रुपवर पगडी घातलेले फोटो पडलेले असतात, आणि मग पोवई नाक्यावर चहा घेताना कुणीतरी सुरू करतं की तिकडं प्रत्येक किल्ल्यात म्युझियम आहे, लायटिंग आहे, राजवाड्यात हॉटेल आहे, मुख्य म्हणजे स्वच्छ संडास आहेत, आणि आपल्याकडं अजिंक्यताऱ्यावर जायचं तर प्यायचं पाणीसुद्धा घरून न्यायचं. आता यात खोटं काहीच नाही. मी पण तिकडं फिरलोय, जोधपूरच्या मेहरानगडात ऑडिओ गाइड कानाला लावून फिरताना मलाही आपल्याकडचं आठवून कसंतरीच झालं होतं. माझं भांडण त्यातून जो अर्थ काढला जातो त्याच्याशी आहे, की त्यांना अक्कल आहे आणि आपल्याला नाही, तेव्हा डोळे झाकून त्यांच्यासारखं करून टाका म्हणजे झालं.

मुळात ही तुलनाच लंगडी आहे. 1818 हे वर्ष घ्या. त्या फेब्रुवारीत साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. आणि त्याच वर्षी जोधपूर, उदयपूर, बिकानेर, जयपूर, जैसलमेर या सगळ्यांनी कंपनी सरकारशी तह केले. का केले, तर बऱ्याच अंशी शिंदे-होळकरांच्या वसुलीला आणि पेंढाऱ्यांच्या लुटीला कंटाळून, हे टूरवर आपल्याला कुणी सांगत नाही, आपण विचारतही नाही. तह केला म्हणून त्यांचे किल्ले शाबूत राहिले, राजवाडे राहिले, खजिने राहिले. आपल्याकडं इंग्रजांनी उलटं केलं, पुन्हा कुणी किल्ल्याच्या आश्रयानं उठायला नको म्हणून कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, दरवाजे पाडले, तट फोडले. साताऱ्याची गादी प्रतापसिंह महाराजांना दिली खरी, पण 1839 मध्ये त्यांना पदच्युत केलं आणि 1848 मध्ये राज्यच खालसा. म्हणजे जोधपूरकडं पुढची शंभर वर्षं किल्ल्याची कौलं शाकारणारा, रंग देणारा, हत्यारांना तेल लावणारा एक मालक होता आणि आपल्याकडं नव्हता. आता दोघांना शेजारी उभं करून याला नापास आणि त्याला पास म्हणायचं याला काही अर्थ नाही.

बरं, आपल्या राजवाड्याचं पुढं काय झालं? साताऱ्याच्या राजवाड्यात कोर्ट भरलं, शाळा भरली. 7 नोव्हेंबर 1900 ला भिवा रामजी आंबेडकर नावाच्या पोरानं याच साताऱ्याच्या हायस्कूलात नाव घातलं, आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते. ज्यांना वाटतं की राजवाड्याचं हॉटेल झालं म्हणजे राजवाड्याचं भलं झालं, त्यांना मला हे जरा मोठ्यानं सांगावंसं वाटतं. वास्तू पडझडीला आली, लाकूडकाम सडलं, भित्तिचित्रांची हेळसांड झाली, त्याची चीड यायलाच हवी, पण राजवाड्यात शाळा भरली ही काय उपेक्षा नव्हे.

तिकडचे राजवाडे हॉटेल का झाले त्याचंही एक कारण आहे, ते सौंदर्यदृष्टी वगैरे नाही. 1971 मध्ये इंदिरा गांधींनी संस्थानिकांचे तनखे बंद केले. एवढ्या थोरल्या इमारती, नोकरचाकर, आणि पैसा बंद. काहींनी त्याच्या आधीच वारा ओळखला होता, जयपूरचा रामबाग, उदयपूरचा लेक पॅलेस हे आधीच हॉटेल झालेले होते. जोधपूरच्या गजसिंहांनी 1972 मध्ये मेहरानगडासाठी ट्रस्ट काढला, किल्ला म्युझियम म्हणून उघडला आणि तिकिटाचा पैसा परत किल्ल्यावर लागायला लागला. मला स्वतःला जोधपूरचं हे डोकं आवडतं. किल्ल्यात मुक्काम नाही. लोक सकाळी चढतात, संध्याकाळी उतरतात, त्यांची अंघोळ, त्यांचे टॉवेल, त्यांचा संडास सगळं खाली शहरात. हॉटेल केलं ते उमेदभवन राजवाड्याच्या एका भागात, आणि ती इमारत मुळात 1929 ते 1943 या काळात दुष्काळी काम म्हणून बांधलेली, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. (आपल्या माणदेशात इंग्रजांनी दुष्काळी कामात म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव बांधला. दुष्काळात महाल बांधावा का तलाव, हा वाद मी इथं घालत नाही, पण टूरवर उमेदभवनच्या हिरवळीवर सेल्फी काढणाऱ्या आमच्या दहिवडीच्या पाव्हण्यांना तो सुचायला हवा होता.)

आता जैसलमेर. सगळ्यात जास्त भुरळ तिथंच पडते आणि सगळ्यात जास्त घोळही तिथंच आहे.

रावळ जैसलनं 1156 मध्ये हा किल्ला बसवला, त्रिकूट टेकडीवर, पिवळ्या दगडाचा, 99 बुरुजांचा, संध्याकाळी खरोखर सोन्यासारखा दिसतो त्यात अजिबात अतिशयोक्ती नाही. आणि आत अजून वस्ती आहे, काही हजार माणसं, पिढ्यान् पिढ्या. जैन देवळं आहेत, दुकानं आहेत, लग्नं होतात, पोरं क्रिकेट खेळतात, त्यामुळं इतर किल्ल्यांत जो मेलेला वास येतो तो इथं येत नाही. 2013 मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या यादीत आला. पण त्याच्याही कितीतरी आधी, 1996 मध्येच, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं तो धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला होता, ते आपल्याला टूरवाला सांगत नाही.

धोका कसला, तर पाण्याचा. वाळवंटात पाण्याचा धोका, ऐकायलाच विचित्र वाटतं. पण गणित सोपं आहे. जैसलमेरला वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या माण-खटावच्या निम्म्याहून कमी. तेवढ्या पावसाच्या हिशेबानं तो किल्ला बांधलेला. टेकडी ठिसूळ वालुकाश्माची, मधे चिकणमातीचे थर, वरचे दगड बरेचसे चुन्याशिवाय एकात एक अडकवून रचलेले. पावसाचं पाणी बाहेर काढून द्यायला जुनी सोय होती, घूटनाली म्हणतात तिला, तटातून पाणी खाली टाकणारी. वापरायचं पाणी घडसीसर तलावातून बायका डोक्यावर घागरी घेऊन वर आणायच्या, आणि जे पाणी असं डोक्यावर चढवून आणलेलं असतं ते कुणी सांडत नाही, भांडी राखेनं घासायची, अंघोळीचं पाणी जनावरांना किंवा झाडाला. मग नळ आला. पुढं इंदिरा गांधी कालव्याचं पाणी जिल्ह्यात आलं. आणि पाठोपाठ पर्यटक आला, आणि पर्यटकाला किल्ल्याच्या आतच राहायचं असतं कारण फोटोत खिडकीतून बुरुज दिसतो, मग जुन्या घरांची गेस्ट हाउसं झाली, प्रत्येक खोलीला अटॅच बाथरूम, वेस्टर्न कमोड, शॉवर, गिझर, वरती छतावर रेस्टॉरंट. आणि हे सगळं पाणी जाणार कुठं, तर फुटक्या गटारातून टेकडीच्या पोटात. चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, वरचा बुरुज हलतो.

जैन देवळांच्या मागच्या बोळात मी हे अगदी जवळून बघितलंय. वरच्या मजल्यावरून एक पांढरा पीव्हीसी पाइप खाली आलेला, जॉइंटला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली आणि तिथून टिप टिप चाललेलं, भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली, त्याच्यावर मिठाची पांढरी बुरशी, आणि त्या ओलीतल्या दगडाला बोट लावलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा त्याचा पापुद्रा बोटावर आला. शेजारच्या ओट्यावर एक आजी गवारी निवडत बसलेल्या. त्यांना विचारलं माँजी ये पानी कहाँ से आ रहा है, तर त्यांनी वरच्या गेस्ट हाउसकडं नुसता अंगठा केला आणि म्हणाल्या, "आप जैसे लोग नहाते हैं ना, वही." मला राग यायला हवा होता, आला नाही, बाई खरं बोलत होत्या.

1998 मध्ये या तटाचा भाग ढासळून माणसं दगावली. 2024 च्या ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला तेव्हा पुन्हा एक भिंत कोसळली. मधल्या काळात ड्रेनेज बदललं, बुरुज बांधून काढले, अभ्यास झाले, परदेशी गाइडबुकांनी किल्ल्याच्या आतली हॉटेलं सुचवणं बंद केलं. आपल्याकडच्या टूरच्या जाहिरातीत मात्र "सोनेरी किल्ल्यात एक रात्र" अजून ठळक अक्षरात असतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं की मग काय त्या लोकांनी उपाशी राहायचं का. रास्त प्रश्न आहे. किल्ल्यातली माणसं काय अतिक्रमणवाली नाहीत, त्यांच्या पूर्वजांना राजानं घरं दिलेली आहेत, आणि मधून मधून कुणीतरी साहेब सुचवतो की सगळ्यांना खाली हलवा आणि किल्ला मोकळा करा, तो तर मूर्खपणाच आहे, माणसं काढली की त्या किल्ल्यात बघण्यासारखं अर्धंच उरेल. माझं म्हणणं राहणाऱ्यांनी राहावं, दुकानं चालवावी, देवळं चालवावी, चहा विकावा, दुपारचं जेवण घालावं, मुक्कामाची हॉटेलं तेवढी खाली न्यावीत आणि त्याची भरपाई सरकारनं आणि तिकिटातून द्यावी. घरच्या चार माणसांचं सांडपाणी आणि दहा खोल्यांच्या गेस्ट हाउसचं सांडपाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे कडक वाटत असेल तर असू दे. तो किल्ला पडला तर त्यांचं हॉटेलही पडणारच आहे.

आता हे सगळं साताऱ्यात बसून मी का सांगतोय. 2019 मध्ये राज्य सरकारचा तो निर्णय आठवा, 25 किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी भाड्यानं द्यायचे, समोर उदाहरण राजस्थानचंच. केवढा गदारोळ झाला होता, किल्ल्यावर लग्नं लावणार, दारू पिणार, महाराजांच्या पायधुळीची विटंबना, आणि मग सरकारनं खुलासा केला की शिवकालीन किल्ले यात नाहीत, दुसऱ्या वर्गातलेच आहेत, आणि विषय थंड झाला. भावना सगळ्यांच्या खऱ्या होत्या, मी पण त्यात होतो. पण त्या सगळ्या गदारोळात एका माणसानं, एका चॅनलनं, एका आमदारानं विचारलं नाही की या हॉटेलांना पाणी कुठून आणणार आणि त्यांचं घाण पाणी कुठं सोडणार. पावित्र्याचा प्रश्न सुटला असता तर हॉटेल चाललं असतं का मग? तेव्हाही आणि आजही मला हा प्रश्न पावित्र्याच्या आधीचा वाटतो.

कारण आता प्रतापगड युनेस्कोच्या यादीत आलाय. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले एकदम गेले, आपल्या जिल्ह्यातला हा एक. अभिमान आहेच, गुलाल उधळून झाला, बॅनर लागले. पण यादीत गेल्यावर गर्दी येते, हे जैसलमेरनं दाखवून दिलंय, आणि गर्दी आली की खोल्या येतात, पार्किंग येतं, कुणीतरी रोपवे मागतं, कुणीतरी लाइट अँड साउंड मागतं. आणि इथं पाण्याचं गणित जैसलमेरच्या बरोबर उलटं आहे, तिथं पाऊस नाही म्हणून टेकडी कोरडी होती ती माणसानं भिजवली, इथं महाबळेश्वरच्या पट्ट्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस दरवर्षी वरूनच कोसळतो, जांभा आधीच पाणी पिऊन असतो, कडे निसटतात, घाटात दर पावसाळ्यात दरड. त्यात डोंगरउतारावर सपाटीकरण करून रिसॉर्ट काढायचे आणि सेप्टिक टँकचं पाणी त्याच उतारात जिरवायचं. आणि उन्हाळ्यात उलट, एप्रिल-मेला त्याच भागातल्या वाड्या-वस्त्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्यावर नंबर लावून बसतात. त्या झऱ्याच्या वरच्या अंगाला वीस खोल्यांचं हॉटेल आलं की झऱ्यात काय येणार ते सांगायला इंजिनियर लागत नाही.

आणि गर्दीला आवर कसा घालायचा ते शिकायला राजस्थानला जायचीही गरज नाही. कास बघा. पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं, लोक फुलांवर गाड्या घालायला लागले, मग फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 माणसांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, शुल्क, आणि देखरेखीला आजूबाजूच्या गावांची माणसं. सुरुवातीला लोकांनी किती बोंब मारली, पैसे देऊन फुलं बघायची का वगैरे. त्यातही गोंधळ आहेत, शनिवार-रविवारची कोंडी अजून असतेच. पण कासवर मुक्कामाचं हॉटेल पठाराच्या मधोमध नाही, हे महत्त्वाचं. मेहरानगडाला जे जमलं तेच, चढा, बघा, उतरा. आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर घ्या, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, विरूबाईंनी बांधलेली, आतल्या महालासकट, जोधपूरच्या तूरजी का झालरा या पायऱ्यांच्या विहिरीच्या तोडीस तोड. झालऱ्यातला वर्षांचा गाळ आणि घाण पाणी उपसून तो मोकळा केला, आता पायऱ्यांवर पोरं बसतात, आसपास कॅफे झालेत. लिंबला कॅफे नसले तरी चालतील, पायऱ्यांवरची कुरकुऱ्याची पाकिटं उचलायला एक पगारी माणूस मिळाला तरी पुष्कळ झालं.

अजून एक, वाळवंटातून आणायचंच असेल तर काय आणावं. जैसलमेरजवळ कुलधरा आहे, ओसाड गाव, पालीवाल ब्राह्मणांचं. गाइड तिथं नेतो आणि भुताची गोष्ट सांगतो, दिवाण सालीमसिंहाच्या जाचानं एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं उठली, शाप देऊन गेले, रात्री आवाज येतात. लोक घाबरल्यासारखे फोटो काढतात. पण याच पालीवालांनी त्या वाळवंटात खडीन नावाची शेती बसवली, उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालायचा, पावसाळ्यातलं वाहून येणारं पाणी तिथं अडवून जिरवायचं आणि पाणी आटलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, विहीर नाही, मोट नाही. दीडशे-दोनशे मिलिमीटरवर गहू! जाताना बसच्या खिडकीतून एखादं दिसतंही, पण बस थांबत नाही. कोरेगाव तालुक्यातलं वेळू 2016 ला पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलं, माणमधल्या गावांनी उन्हातान्हात चर खोदले, बांध घातले, या माणसांनी खडीन बघितलं तर ते तिथंच टेप काढून उतार मोजत बसतील. त्यांची टूर कुणी काढत नाही. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत मात्र सगळ्यांना नेतात, जिथं तंबूत स्विमिंग पूल असतो, टँकरनं भरलेला, आणि रात्री बारापर्यंत डीजे, आणि त्याच पट्ट्यात माळढोक शेवटच्या घटका मोजतोय. त्याच्यावर जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं.

मी हॉटेलविरोधी आहे असं कुणी समजू नये, म्हणून नागोरचं सांगतो. बिकानेर-जोधपूर रस्त्यावर आहे, अहिछत्रगड म्हणतात किल्ल्याला. पार मोडकळीला आलेला होता. मेहरानगडच्याच ट्रस्टनं तो हातात घेतला आणि हौद, कारंजी, पाट ही जुनी पाण्याची व्यवस्था शोधून दुरुस्त केली, भिंतींवरची चित्रं वाचवली, आणि मग बऱ्याच वर्षांनी एका कोपऱ्यात मोजक्या खोल्यांचं हॉटेल काढलं. या क्रमानं कुणी आपल्याकडं करणार असेल तर मी पहिला पाठिंबा देईन. आणि नागोरला जायला आपल्याला आणखी एक कारण आहे. 1755 मध्ये याच किल्ल्याच्या वेढ्यात जयाप्पा शिंदे दग्यानं मारले गेले, त्यांची छत्री तिथं जवळच आहे. शिंदे मूळचे कण्हेरखेडचे, म्हणजे कोरेगावपासून हाकेच्या अंतरावरचे. साताऱ्याहून निघणाऱ्या एकाही टूरच्या कागदावर मला नागोर दिसलेलं नाही. मिरजेवरून थेट जोधपूरची रेल्वे आहे, तिथून नागोर दोन-अडीच तास, टूरवाल्याला बुकिंगच्या आधी विचारा थांबणार का म्हणून, आणि त्याच फोनवर हेही विचारून घ्या की जैसलमेरला खोल्या किल्ल्याच्या आत दिल्यात का खाली. आत असतील तर बदलून मागा, खालच्या हॉटेलाच्या गच्चीवरून किल्ला उलट जास्त चांगला दिसतो.